दांडेबंदरचा गैरहजर समुद्र

आम्ही दांडेबंदरला पोचलो तेव्हा समुद्र जागेवर नव्हता.

हे मी गमतीनं सांगत नाही. मी त्या वेळी संतापलो होतो आणि आज इतकी वर्षं झाली तरी विषय निघाला की संतापतो. नागपूरहून आगगाडीनं मुंबई, मुंबईहून बस, ती घाटात बंद पडल्यावर दुसरी बस (तिच्यात उभ्यानं, एका पायावर, कारण दुसऱ्या पायाच्या जागी कुणाची तरी कोंबड्यांची टोपली होती), आणि शेवटी बैलगाडी! देशाच्या पोटातून निघून माणूस देशाच्या काठापर्यंत कशासाठी येतो? समुद्रासाठी! आणि माडांच्या रांगेतून बाहेर येऊन बघतो तर काय? चिखल! नजर जाईल तिथवर करडा, चकचकीत चिखल. त्यात कुशीवर पडलेल्या होड्या. आणि मधोमध उभा असलेला एक बगळा, जो आमच्याकडे असं बघत होता की जणू आम्हीच उशीर केला.

"मधू, समुद्र कुठी हाय गा?" गोदाआत्यानं विचारलं.

"असेल इथंच कुठंतरी," मी म्हणालो.

"असन म्हंजे? आमचा सक्करदऱ्याचा तलाव कधी असा उठून गेला नाही!"

आता ही गोदाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. धम्मदीक्षेच्या दिवशी त्या अफाट गर्दीत तिनं माझा हात घट्ट धरला होता, तो हात तिनं अजून सोडलेला नाही, असं माझी बायको सुमन म्हणते. सक्करदऱ्याला भाजीचं दुकान चालवण्यात आत्याचा जन्म गेला. तिनं आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली: "मरायच्या आधी एकडाव समुद्र दाखव." आणि मी तिला चिखल दाखवत होतो.

या सगळ्याला जबाबदार माणूस मात्र नागपुरात धरमपेठेत पंख्याखाली बसून चहा पीत होता. तो म्हणजे माझा मेहुणा विलास. विलास कॉलेजात इतिहास शिकवतो. मी तेव्हा कोराडीच्या वीज केंद्रात स्टोअर्समध्ये होतो, राहायला तिथल्याच कॉलनीत. कॉलनीतले लोक सुटीत पचमढीला जात, चिखलदऱ्याला जात. आम्हीही तिकडंच जाणार होतो. पण विलास एका रविवारी घरी आला, सोप्यावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "भाऊजी, डोंगर काय कोणीबी पाहतं. तुम्ही दांडेबंदरले जा!"

"तिथं काय आहे?"

"काय आहे?" विलासनं डोळे मिटले. (विलासनं डोळे मिटले की घरातल्यांनी आपापली कामं उरकून घ्यायची असतात.) "ते साधं कोळ्यांचं गाव समजू नका. एका काळी तिथून अरबस्तानात गलबतं जात. मिरी, हळद, सागाची लाकडं! आणि समोर पाण्यातला किल्ला. सिद्दी येऊन गेला, पोर्तुगीज येऊन गेला, इंग्रजानं तोफा लावल्या. कोणाले जिंकता नाही आला! आणि आता कसं, की शांत. पांढरी वाळू, नारळाच्या बागा, पाण्यातून काढली की तव्यावर अशी मासळी, आन् लाटायचा आवाज ऐकत झोप."

"मासळी?" आत्या आतून म्हणाली. तिथं निर्णय झाला.

असा तो इतिहास. आणि समोर चिखल.

आमची राहायची सोय जनाबाईंच्या घरी होती. जनाबाई आणि त्यांचे यजमान हरबा नाखवा, दोघंच त्या घरात. पुढची खोली ते पाहुण्यांना देत. नाखवा म्हणजे स्वतःची होडी असलेला कोळी. माणूस अगदी कमी बोलणारा, त्यामुळे मला लगेच आवडला. (पुढे तो बोलला. पण ते पुढे.) मी त्यांच्याकडे समुद्राबद्दल जराशा कडक शब्दांत विचारणा केली. हरबांनी पश्चिमेकडे बोट दाखवलं.

"सुकती हाय. गेलाय तिकडं. येल परत."

"कधी?"

"यायच्या टायमाला."

ही काय उत्तराची पद्धत आहे? स्टोअर्समध्ये कुणी मला असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता!

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं, तर समुद्र पुन्हा गैरहजर. रात्री येऊन गेला म्हणे. आम्ही झोपल्यावर! मी ठरवलं, आता बस. समुद्र आपल्याकडे येत नाही ना, तर आपण त्याच्याकडे जाऊ. शिवाय समोर तो विलासचा किल्ला दिसत होताच. गावापासून थेट किल्ल्याच्या दरवाजापर्यंत ओली वाळू पसरलेली, चालत जाण्यासारखी. ज्या किल्ल्यात सिद्दीला शिरता आलं नाही, त्यात मी सहकुटुंब शिरणार होतो. डबा बांधला: पोळ्या, झुणका, शेंगदाण्याची चटणी. मी नवे कोरे बूट घातले.

जनाबाई अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "किल्ल्यावर चाललाव? साहेब, ती भरतीचं बघा हां!"

इथं मला थोडं सांगितलं पाहिजे. कोराडीचं वीज केंद्र तेव्हा नवंनवं होतं आणि तिथं नोकरभरती होते ही बातमी साऱ्या विदर्भात गेलेली होती. मी स्टोअर्समध्ये खिळे आणि नटबोल्ट मोजणारा माणूस. पण नात्यागोत्यातल्या लोकांची खात्री, की मधुकररावानं मनात आणलं तर कुणालाही चिकटवू शकतो! लग्नात गेलो, "भरतीचं पाहा." मयताला गेलो, खांदा देता देता शेजारचा खांदेकरी म्हणे, "भाऊ, भरतीचं पाहा ना जरा." न्हाव्याकडे गेलो तर गळ्यावर वस्तरा ठेवून, "साहेब, भरती?"

त्यामुळे मी न थांबता, सवयीनं उत्तर दिलं, "सध्या भरती बंद आहे."

जनाबाईंच्या हातातला बोंबील हातातच राहिला.

"बंद?"

"हो. वरूनच ऑर्डर आहे."

त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं. "वरनं?"

"पुढच्या वर्षी बघू काही जमतं का," मी म्हणालो आणि पुढे झालो. सुमननं विचारलं, "अहो, काय म्हणत होत्या त्या?"

"असेल कुणीतरी भाचा नाहीतर पुतण्या! सुटीत सुद्धा पाठ सोडत नाहीत लोक! समुद्राच्या काठापर्यंत आलो तरी आपली भरती, भरती, भरती!"

आता तुम्ही म्हणाल, शाळेत भूगोल शिकला नव्हतात का? शिकलो होतो. भरती-ओहोटी, चंद्राचं आकर्षण, सगळं शिकलो होतो. पण नागपुरात बसून शिकलेल्या भरतीचा माणसाला उपयोग किती? आमच्याकडे चंद्र उगवतो आणि मावळतो, विहिरीचं पाणी आहे तिथंच असतं.

किल्ला मात्र छान होता. दरवाजाशी पायऱ्या होत्या. तिथं वाळूवर मी माझे बूट काढून ठेवले, कारण आत काटेरी झुडपांत नव्या चामड्यावर ओरखडे पडले असते. आत मोडकी तटबंदी, एक गंजलेली तोफ, गोड्या पाण्याचं टाकं. मी तोफेवर हात ठेवून पोरीला, म्हणजे आमच्या पिंकीला, विलासनं सांगितलेला सगळा इतिहास जसाच्या तसा सांगितला. "बघ बेटा! इथं सिद्दी आला, पोर्तुगीज आला, इंग्रज आला! कोणाला जिंकता आला नाही!"

"काहून?" पिंकीनं विचारलं.

विलासनं हे सांगितलं नव्हतं. "कारण मराठी माणूस शूर असतो," मी म्हणालो आणि डबा उघडायला लावला. जेवण झालं, वारा सुटला, आणि शूर माणसाला तटाच्या सावलीत झोप लागली.

जाग आली ती आत्याच्या हाकेनं. ती तटावर चढून उभी होती. लुगड्याचा पदर वाऱ्यावर फडफडत होता.

"मधू! आला गा! समुद्र आला!"

आम्ही धावत वर गेलो. आणि खरंच आला होता! काय तो थाट! लांबवरून पांढऱ्या रेघांवर रेघा येत होत्या, एकीच्या मागे एक, आवाज करत, ऊन अंगावर घेऊन. काल ज्या चिखलावर बगळा उभा होता तिथं हिरवंगार पाणी डुलत होतं. पिंकी टाळ्या पिटू लागली. सुमननंही टाळ्या वाजवल्या. मी तर इतका फुगलो, की जणू हा समुद्र मीच मागवून घेतला होता आणि स्टोअर्समधून तो वेळेवर सुटला होता!

आत्या लाटांकडे एकटक बघत होती. मी पाहिलं तर तिच्या डोळ्यांत पाणी.

"काय झालं, आत्या?"

"एवढं मोठं मी एकदाच पाह्यलं होतं," ती हळूच म्हणाली. "दीक्षेच्या दिवशी. जिकडं पाहावं तिकडं पांढरे कपडे घातलेली मानसं. संपतच नोयती. तुले आठवते का? माह्या हाताले धरून होता तू."

मला आठवत होतं. मी तिचा हात धरला. आयुष्यात मी तिला काही दिलं असेन तर ते त्या घटकेला दिलं, असं मला वाटलं.

"अहो," सुमन म्हणाली, "आपण आलो तो रस्ता कुठाय?"

मी वळून पाहिलं. रस्ता नव्हता! गाव होतं, माड होते, जनाबाईंचं कौलारू घरही दिसत होतं, पण आमच्या आणि त्यांच्या मध्ये समुद्र होता! जो कालपासून शोधूनही सापडत नव्हता, तो आता चारी बाजूंनी होता! आणि दरवाजाच्या पायऱ्यांपासून जरा दूर, लाटांवर एकमेकांना धक्के देत, माझे नवे कोरे बूट अरबस्तानाच्या दिशेनं निघालेले होते.

"माझे बूट!" मी ओरडलो.

"बूट घाला चुलीत! आपण घरी कसं जायचं?" सुमन म्हणाली.

आणि तिथं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भरतीचं बघा! भरती! ही भरती!

हे मी सुमनला सांगितलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "म्हणजे त्या बाई ह्या भरतीचं सांगत होत्या? आणि तुम्ही म्हणाले, बंद आहे?"

"मग तिनं नीट सांगायला नको? समुद्राची भरती असं पूर्ण नाव घेऊन सांगायला काय होत होतं?"

"समुद्राकाठी कशाची असते, पोलिसांची?"

"मले तर आता त्या सिद्दीची कीव येते," आत्या पाण्याकडे बघत म्हणाली. "किल्ला जिंकला नाही म्हनतेत. बिचाऱ्याचे बूट वाहून गेले असतीन."

बायका हसू लागल्या! अशा वेळी! मी ठरवलं की आपणच काहीतरी केलं पाहिजे. किनाऱ्यावर माणसं दिसत होती. मी सदरा काढला, तटाच्या टोकावर उभा राहिलो आणि जिवाच्या आकांतानं हलवला. किनाऱ्यावरच्या माणसांनी पाहिलं. त्यांनीही हात हलवले! मी दोन्ही हातांनी हलवला. त्यांनी दोन्ही हात हलवले! एकानं तर आनंदानं उडी मारली.

"काय माणसं आहेत! इथं आमचा जीव चाललाय आणि हे टाटा करून राहिले!"

"अहो, तुम्ही हसून राहिले म्हणून ते हसून राहिले."

"मी हसत नाही आहे! माझं तोंडच तसं आहे!"

मग मी ओरडलो. वारा समोरून. माझं 'वाचवा' माझ्याच तोंडात परत आलं, थोड्या खाऱ्या पाण्यासकट. तेव्हा माझा तोल गेला. मी समुद्राकडे बोट रोखलं आणि किंचाळलो, "हे काय चाललंय? कोण जबाबदार आहे इथं? बंद करा हे ताबडतोब!"

"कोनाले वरडून राहिला गा?" आत्यानं विचारलं.

"जो कोणी इनचार्ज असेल त्याला!"

एवढ्यात पिंकी ओरडली, "बाबा, होडी!"

होडी सरळ किल्ल्याकडेच येत होती. वल्हं मारत होते हरबा नाखवा. पुढच्या टोकाला पदर खोचून जनाबाई उभ्या. होडीत मधोमध सकाळच्या मासळीचा ढीग. हरबा पायऱ्यांशी आले, होडी दोरानं अडकवली, माझ्याकडे वर पाहिलं आणि तो कमी बोलणारा माणूस बोलला.

"साहेब, बायको बोलली, पावन्यांनी भरती बंद केली. म्हटलं बघून येवं, कशी बंद केली ती. आमच्या सात पिढ्यांना जमलं नाय!"

मी शांतपणे सदरा अंगात घातला. निदान उतरताना तरी अब्रू राखावी म्हणून म्हणालो, "आधी बायका आणि मुलं." पिंकीला जनाबाईंनी उचलून घेतलं. सुमन हात धरून उतरली. आत्यानं, जिचे गुडघे नागपुरात जिना चढताना साऱ्या आळीला ऐकू येत, तिनं लुगडं खोचलं आणि पोरीसारखी टुणकन उडी मारली. मग मी. मी एक पाय होडीत ठेवला. दुसरा पायरीवर होता. होडीनं विचार बदलला आणि ती बाजूला सरकली. माझे पाय एकमेकांपासून दूर दूर जाऊ लागले, मी मध्ये राहिलो, आणि मग मध्येही राहिलो नाही.

"बुडालो! बुडालो! सुमन, पिंकीला शिकव! आत्याला सांभाळ! विलासला सोडू नको!"

"साहेब," वरून हरबांचा आवाज आला, "उभे ऱ्हावा."

मी उभा राहिलो. पाणी कमरेला लागत होतं.

"मधी खोल हाय," हरबा समजुतीनं म्हणाले. "हितं नाय."

मला बाहेर काढून त्यांनी होडीत बसवलं. रिकामी जागा एकच होती, मासळीच्या ढिगावर. तिथं मी बसलो. खाली काहीतरी अजून जिवंत होतं, ते मला अधूनमधून चिमटे काढत होतं. आत्यानं वाकून समुद्रात हात घातला, बोट जिभेला लावलं आणि ओरडली, "खरंच खारट हाय गा! मले वाटे लोक फेकतेत!" मग माझ्याकडे बघून जनाबाईंना म्हणाली, "बाई, याले वाईट नका वाटू देऊ. हा कोराडीचा मानूस. याले कोरड्यातच ठेवाव लागते!"

जनाबाई इतक्या हसल्या की होडी हलली. मला चिमटा बसला.

किनाऱ्यावर सारा गाव जमला होता. मघाशी उडी मारणारा गृहस्थ सर्वांत पुढे. त्यानं माझ्याशी हात मिळवला आणि विचारलं, "साहेब, उद्या सुकती थोडी जास्त वेळ ठेवता काय? जाळं धुवायचं हाय." मी अनवाणी, चिंब भिजलेल्या पँटमधून पाणी गाळत त्यांच्यामधून चालत गेलो. मान ताठ ठेवली होती. खिशात मासा होता हे मला घरी गेल्यावर कळलं.

त्यानंतरचे दिवस सगळ्यांचे फार मजेत गेले. सगळ्यांचे म्हणजे माझे सोडून. आत्या आणि जनाबाईंची अशी गट्टी जमली, की आत्या बोंबील वाळत घालायला बसू लागली आणि जनाबाईंनी झुणका शिकून घेतला. सुमन आणि पिंकी शिंपले वेचत. मी ओट्यावर बसून राही. येणारा-जाणारा मला भरतीची वेळ विचारी.

परतीच्या सबंध प्रवासात मी मनातल्या मनात एक भाषण तयार केलं. विलाससाठी. त्यात इतिहास, भूगोल, बूट, मेहुणे आणि मानवी जबाबदारी असे सगळे मुद्दे होते. नागपूर स्टेशनवर विलास घ्यायला आला होता. मी श्वास भरून घेतला. पण त्याआधीच आत्या पुढे झाली आणि तिनं त्याच्या गालांवरून हात फिरवून बोटं कडकडा मोडली. "बाबू, तुह्यामुळं मी समुद्र पाह्यला! माह्या जन्माचं सोनं केलं तू!"

तिकीट काढणारा मी! रांगेत उभा राहणारा मी! बुडणारा मी! आणि सोनं कुणी केलं? विलासनं!

"किल्ला कसा वाटला, भाऊजी?" विलासनं उत्सुकतेनं विचारलं. "मले सांगा ना जरा. मले एकडाव जायचंच आहे तिथं."

"जायचंच आहे म्हणजे? तू गेलेला नाहीस?"

"मी? नाही बा! मी वाचलं होतं. मले पाण्याची भीती वाटते."

माझं सगळं भाषण जागच्या जागी जिरलं. मी त्याच क्षणी शपथ घेतली, की यापुढे कुणाच्या भरवशावर, कुणाच्या वाचनावर घराबाहेर पडायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतः चौकशी केली. चार माणसांना विचारलं, नकाशे पाहिले, आणि असा एक डोंगरी किल्ला शोधून काढला, की जिथं पाण्याचा काडीचा धोका नाही. भर मे महिन्यात, डोक्यावर ऊन घेऊन, सगळ्यांना मी तो किल्ला चढवला.

माझी माहिती तंतोतंत खरी निघाली. वर पाणी नव्हतं. प्यायलाही नव्हतं.